नाकाचा व्यायाम

नळस्टॉपला स्कूटर घसरली तेव्हा
हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता.
हाडं शाबूत राहिली. फक्त नाक गेलं,
म्हणजे जागेवर आहे, चष्मा नीट बसतो,
पण आत कोणी राहत नाही.

डॉक्टर शिरोळे म्हणाल्या, रोज दोनदा चार वास घ्या.
डोळे मिटा, आठवा, मग ओढा. वर्षभर.
बाटल्या मिळतात म्हणे त्याच्या.
मला बाटल्या पटेनात.
मुंढव्याच्या नर्सरीतून रिक्षा भरून घरी आले,
मांडीवर अनंत, पायाशी मोगरा,
आणि रिक्षावाला सबंध रस्ता खोल श्वास घेत,
मीटरवर वीस रुपये कमी घेणारा
पुण्यातला मला भेटलेला पहिलाच.

आता कर्वेनगरची आमची गॅलरी, आठ बाय तीन.
मोगरा कठड्याशी, त्याला ऊन कितीही चालतं.
अनंत नाजूक, नळाचं पाणी त्याला जड जातं,
पानं पिवळी पडली की ताकाची निवळ पाजते.
मरवा ओट्यालगत खिडकीत.
दवणा लाड केले की सडतो,
त्याच्याकडे मुद्दाम पाठ करून उभी राहते.

सकाळी सात. मरवा चुरगाळते.
बोटं हिरवी होतात. नाकात नुसता गारवा.
दवणा: काही नाही.
मोगरा: काही नाही.
अनंत: पांढरा आहे, एवढं दिसतं.

टपालखात्यात एकतीस वर्षं काढली मी, पार्सल विभागात.
सुतळी न सोडता सांगायचे,
यात फणसपोळी आहे, यात नवं कातडं,
यात कुणीतरी अत्तराची कुपी नीट गुंडाळलेली नाही.
साहेब हसायचे. पण विचारायला माझ्याकडेच यायचे.

आता मी माणसं हुंगते, डोळ्यांनी.
कुरियरचा पोरगा सही घेऊन झाल्यावरही दारात रेंगाळतो.
विद्याधर चपला काढताना थांबतो,
एक श्वास जास्तीचा घेतो. मी तो मोजते.
लांबलचक असला तर अनंत उमललाय,
तुटक 'हं' आला तर मोगरा.
फुलं मग जाऊन बघते. बहुधा बरोबर असते.

हा माणूस मागे एकदा करपलेली आमटी
चकार शब्द न काढता दोन वाट्या जेवला.
मला कळलं दुसऱ्या दिवशी, सुमनकडून,
पातेलं तिला घासावं लागलं म्हणून.
त्या रात्री मी खूप भांडले.
वास गेलाय माझा, म्हटलं, अक्कल नाही.
तेव्हापासून तो 'लागलंय गं' असं ओरडतो,
कधी कधी लागलेलं नसतानाही.

माघ संपत आला. कळ्या धरायच्या आधी
मोगऱ्याला खाऊ घालावं लागतं.
मोहरीची पेंड, बादलीभर पाणी, चार दिवस मुरवत.
पाचव्या दिवशी झाकण काढलं, काठीने ढवळलं,
आणि वाकलेली तशीच राहिले.

कोणीतरी आलं.

कुठून तरी लांबून, जिना चढत,
कुजकं, आंबूस, झणझणीत, ओशट,
मेलेल्या उंदरासारखं, नाही, त्याहून जाड,
'शी!' म्हणाले मी,
आणि परत म्हणाले, 'शी! शी गं बाई!'
डोळ्यांतून पाणी. विद्याधर टॉवेल नाकाला लावून
गॅलरीच्या दारात, काही न कळून.

खालून ढमढेऱ्यांचा आवाज:
'अहो, काय मेलंय का वर?'
'येतो का हो तुम्हालाही?' मी ओरडले.

झाकण लावलं. परत काढलं.
परत लावलं. काढलं.

आता चैत्र. मोगरा ओंजळीने निघतो.
सुमन दोन फुलं अंबाड्यात खोचून जाते,
ढमढेऱ्यांकडे वाटीभर पाठवली, माफी म्हणून.
मला अजून त्याचा येत नाही.
रोज सात वाजता वाकते, डोळे मिटते, आठवते.

बादली गॅलरीतच आहे.
झाकण जरा तिरपं ठेवते.