सजातीय पदे

भांडी बाजारात शटर अर्धंच वर.
मथुआत्या वही तराजूशेजारी ठेवते:
'पाच क्ष अधिक तीन य वजा दोन क्ष.
सरळ रूप दे.'

मी सगळं एकत्र करून लिहिते
सहा क्षय.
'क्षय झाला गं गणिताचा!'
तांब्याची लोटी नि पितळी पातेलं
ती एकाच पारड्यात टाकते.
'लाव आता भाव.'

खोडते. तीन क्ष अधिक तीन य.

क्ष म्हणजे तांबं.
त्याची किंमत सकाळी फोनवर येते,
काल निराळी होती.
राशी तीच.

रविवार कारंज्याकडून रिक्षाचा हॉर्न.
वही मिटताना मागच्या पानात
घडी घातलेला सतरा नंबरचा फॉर्म,
आत्याचं किरटं अक्षर:
कंस सोडवलाय,
आतलं वजा मात्र वजाच राहिलंय.

पेन्सिलनं, फिकट,
मी एक उभी रेघ ओढते.