फरशी पुसण्याआधी

साडेबाराला पोरं गेली की
खोली माझ्या ताब्यात येते.
अप्पर बिबवेवाडी, शेवटच्या बसस्टॉपच्या मागची अंगणवाडी,
वर पत्रा, खाली शहाबादी,
आणि मी, मदतनीस, हातात पोतेरं.

ताई तिकडं मोबाईलवर माहिती भरतात:
उंची, वजन, हजर किती.
आज मुलं काय शिकली, त्या चौकोनात
पाच-सहा शब्दच मावतात.
बाकीचं फरशीवर असतं.

आधी मला ते वाचता येत नव्हतं.
खरं सांगते, शिव्या घालायचे मनातल्या मनात.
गेरू, भिजलेली कणीक, हळदीचं पाणी,
टेकडीवरनं खिशात भरून आणलेला मुरूम.
देवानं पोरांना हात दिले
ते माझी कंबर मोडायला, असंच वाटायचं.

मग एकदा उकिडवी बसले होते, तेव्हा दिसलं,
हळदीच्या पाण्यात साबणाचा फेस सांडला
तिथं पिवळ्याचं लाल झालंय.
आणि त्या लालाभोवती
गुडघ्यांचे ओले गोल. मोजले. पाच जोड्या.
म्हणजे मघाशी खोली एवढी शांत झाली होती
ती ताई ओरडल्या म्हणून नाही.

रेवण कुणाशी बोलायचा नाही.
जूनपासून दिवाळीपर्यंत एक शब्द नाही.
मोठ्या तांब्यातलं पाणी छोट्या पेल्यात,
पेल्यातलं परत तांब्यात,
रोज तेच. रोज तळं. रोज मी पुसायचे.
ज्या दिवशी तो पेल्याकडं बघून म्हणाला, "मावत नाही,"
त्या दिवशी पोतेरं हातातच राहिलं.

त्याचा बाप गवंडी, उंड्रीला टॉवरच्या कामावर.
एका दुपारी लवकर न्यायला आला
आणि माझ्या पोटात गोळा.
पोराच्या केसांत चिखल, भुवईवर चिखल,
चड्डीचा रंग ओळखू येईना.
आता हा ऐकवणार, शिकायला पाठवतो का लोळायला.

तो खाली बसला.
चिमूटभर चिखल उचलून अंगठ्यानं चुरला,
म्हणाला, "पाणी जास्त झालंय."
रेवण उठला, ओंजळभर माती आणून टाकली.
बापानं पुन्हा चुरलं.
"आता बसंल वीट."
वीट म्हणजे काडेपेटी होती.
एकावर एक, सांधा चुकवून, तीन थर लागले.
मी बादली घेऊन दारात,
पाणी गार होईपर्यंत.

आता पुसण्याआधी जरा थांबते.
चष्मा लावते.
हा कोपरा कुणाचा, हे बोट कुणी ओढलं,
इथनं कोण घसरलं नि परत तिथंच का गेलं.

गुरुवारी सुपरवायझर मॅडम येणार,
म्हणून सगळं लख्ख केलंय.
खिडकीखाली गेरूचा एक पंजा,
करंगळी जरा वाकडी,
तेवढा राहू दिलाय.
विचारलं तर सांगीन,
भिंतीला ओल आलीये.