उतार

दंडाला पट्टा बांधत योरुन म्हणाली,
चोवीस तास. दिवसा दर वीस मिनिटांनी फुगेल,
रात्री अर्ध्या तासाने.
फुगला की हात सैल सोडायचा, बोलायचं नाही,
आणि या वहीत लिहायचं
केव्हा निजलात, केव्हा उठलात.
वयाने माझ्या नातीएवढी. डॉक्टर.

मी विचारलं, रात्र म्हणजे कधी?
ती खिडकीकडे बघून हसली.
जूनचा तिसरा आठवडा. वाडसोत सूर्य मे महिन्यात येतो
तो जुलै सरत आला तरी बूड हलवत नाही,
दारात उभा राहून गप्पा मारणाऱ्या पाव्हण्यासारखा.

यंत्र मात्र ठाम होतं. दहा वाजता त्याने रात्र मानली.
मीही मानून पाहिली.
काळा पडदा, कानात बोळे, ही कूस, ती कूस.
साडेदहा. दंडावर मूठ आवळली गेली.
हालवार्ड असाच धरायचा गोठलेल्या रस्त्यावर,
मी पडेन म्हणून.
पडायचा तोच.
अकरा. पुन्हा मूठ. मग ती सुटली
आणि कानात रक्त वाजत राहिलं,
धक्क्याला लागलेल्या बोटीचं इंजिन
कुणी बंद करायला विसरावं तसं.
एकतीस वर्षं कारखान्यात कॉड सोलले मी.
मासे थांबत नसत, म्हणून हात थांबत नसे.
हाताला तेव्हा कळलं ते
रक्ताला अजून कोणी सांगितलेलं नाही, की सुटी झाली.

साडेबाराला उठले.
वहीत लिहिलं: झोप, अकरा ते सहा.
नीट अक्षर काढलं. खोटं नीट अक्षरात बरं दिसतं.
मग लाल रंगाचा डबा घेऊन शेडच्या उत्तरेच्या भिंतीशी गेले.

पलीकडे आर्वो होडी पालथी घालून बूड खरवडत होता.
या दिवसांत त्यालाही झोप नसते,
त्याची कोणी मोजत नाही एवढंच.
एक वाजता पट्टा गुरगुरला.
ब्रश ठेवायच्या घाईत पट्ट्यालाच लागला.
मी उभी, ताठ, मुकी.
काय गं, काय झालं? आर्वो धावतच आला कुंपणाशी.
मला बोलायचं नव्हतं. हवा सुटल्यावर सांगितलं.
हं, म्हणाला, आणि परत होडीकडे.

दीडला ते गुरगुरणं माझ्याआधी त्याने ऐकलं.
खरवडणी खाली ठेवली.
हात सैल सोडले, स्वतःचेही.
दोनला पुन्हा तसंच.
कड्यावरचे पक्षी ओरडून दमले असावेत.
ऊन आडवं पडलं होतं, त्याची सावली
कुंपण ओलांडून माझ्या ओल्या भिंतीवर चढलेली,
खांद्यापर्यंत लाल.
आम्ही काही बोललो नाही.
बोलायचं नसतंच.

सकाळी पडद्यावर आलेख. दिवसभर डोंगर,
सहाच्या कॉफीपाशी तर सरळ कडा.
योरुन म्हणाली, रात्री इथे दरी हवी होती, बोर्गिल्ड.
झोपेत दाब निदान दहावा हिस्सा तरी खाली येतो.
तुमचा येत नाही.
मी म्हटलं, उतारवय आलं खरं, उतार यायचा राहिला.
आणि सूर्य तरी कुठे खाली येतोय?
सूर्याला मूत्रपिंडं नसतात, ती म्हणाली,
आणि नवी गोळी लिहून दिली.

मग तिचं बोट एका जागी थांबलं.
आजूबाजूला एकशे पन्नास, एकशे अठ्ठेचाळीस,
आणि मध्येच, दोन वाजता, एकशे अठरा.
इथे मात्र गाढ झोप लागली होती तुम्हाला.
हो, म्हटलं.

पट्टा सोडवताना तिने लाल डाग नखाने खरवडून पाहिला.
वाळला होता. निघाला नाही.
वही उघडून झोपेची वेळ वाचली,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली
आणि वही मिटली.
नोव्हेंबरात परत लावू, म्हणाली, तेव्हा काळोख असेल.
मी मान हलवली. मनात हिशेब चालू होता:
शेडच्या तीन भिंती बाकी आहेत.