छत कसलं आहे?

खुजेमाभाईंनी काचेवर तीन फ्लॅश मांडले
आणि किमतीआधी विचारलं:
छत कसलं असतं तुमच्याकडे?

मी हसले. मग आठवू लागले.
सिडकोतल्या दोन खोल्यांतलं बारसं: छत पांढरं,
पण पंखा मधोमध, पात्याची सावली बाळाच्या कपाळावर.
पाथर्डी फाट्याचा हॉल: वर गुलाबी साटीन,
उजेड जातो पांढरा, परततो गुलाबी होऊन,
नवरी, भटजी, आचारी, सगळेच लाजलेले.
आडगावला तर मांडव. हिरवा.
नवरदेव हळदीतच आजारी दिसला,
त्याची आई अजून बोलत नाही माझ्याशी.

पर्समध्ये साडेचार हजार.
अंबडला शाफ्ट मोजते मी, मायक्रॉनमध्ये.
शनिवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा लोकांचे समारंभ.
चूक किती चालेल
ते तिथे ड्रॉइंगवर लिहून मिळतं.

पहिला नवा, चिनी, पडद्यावर निळे आकडे.
उजेड किती टाकायचा ते तोच ठरवतो.
चार हजार दोनशे. तीन सेकंदांत पुन्हा तयार.
दुसरा साधा. मान वळते, हिशेब मात्र आपला:
पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश.
चोवीसशे. भरायला सात सेकंद.
तिसरा जुना, तोंड पिवळं पडलेलं,
बुडाशी नेलपॉलिशने कोणीतरी लिहिलंय: वाय. बी.
हा कॅमेऱ्यावर चढवू नका, भाई म्हणाले,
व्होल्टेज जास्त आहे, मशीन मरेल.
मग मांडता कशाला?
कोणी ओळखतं का बघतो.

चार सेकंदांचे अठराशे रुपये.
म्हणजे सेकंद साडेचारशेला पडला.
इतका महाग असतो का सेकंद?
असतो.
निवृत्ती गांगुर्डे निवृत्त झाले त्या दिवशी
(हा विनोद सगळ्यांचा करून झाला होता)
उसन्या फ्लॅशने मी शालीचा फोटो काढला,
नारळाचा, साहेबांच्या हाताचा.
मग फ्लॅश भरत बसला, त्याची ती डासासारखी शिट्टी,
आणि तेवढ्यात त्यांनी खिशातून लॉकरची किल्ली काढली,
कडीतून सोडवताना नख अडकलं,
एकतीस वर्षांची किल्ली, पॅन्टला पुसली,
टेबलावर ठेवली.
मग लाल दिवा लागला.
फोटोत टेबल आहे. किल्ली आहे.

बघा मारून, भाई म्हणाले, माझ्यावरच.
दुकानाला छत कुठलं, खोक्यांनी भरलेला पोटमाळा.
साध्यावर पाव लावला: भाईंचा चेहरा खडूसारखा.
अष्टमांश: माणूस दिसला.
फोटो झाला असं समजून त्यांनी खांदे सोडले,
सोनेरी काठाची टोपी मागे सारली,
आणि तिसऱ्या फ्लॅशवरची ती दोन अक्षरं
अंगठ्याने हळूच चोळली.
दिवा कधीच लागला होता.
मी बटण दाबलं नाही.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

अष्टमांशाला लगेच भरतो हा, ते म्हणाले,
पण छत जवळ पाहिजे.
उंच हॉलमध्ये पूर्ण टाकावा लागणार, मग बसा मोजत.
साधाच घेतला. उरलेल्यात चार्जिंगचे सेल, चार्जरसकट.
सातचे पाच होतील, म्हणाले.
पाच?
पाच.

परतताना होळकर पुलावर थांबले.
खाली घाटावर दिवे लागत होते, एकेक, घाई नसल्यासारखे.
फ्लॅशची मान सरळ वर केली,
पूर्ण ताकद.
वर काहीच नव्हतं.
उजेड गेला तो गेला.
शेजारी कणसं भाजणारी बाई म्हणाली, काय गं, वीज का?
मी मोजत होते, उत्तर दिलं नाही.
तीन. चार. शिट्टी बारीक होत चालली.
पाच.
सहाला लागला दिवा.
सोमवारी खुजेमाभाईंना फोन करायला हवा.