अस्तराचा टाका

एका जिवाणूची एक शिवण मी उसवली आहे.
म्हणजे एक जनुक काढलं. सहा महिने लागले.
शहापूरच्या कोरे गल्लीत बाबा अख्खा कोट
एका दुपारी उसवतात, ओठांत टाचण्या धरून,
वर रेडिओवरचं कानडी नाटकही ऐकतात.

त्यांना सांगायचं म्हणून कोटातच सांगितलं:
बाहेर एक पातळ पापुद्रा, आत जाळीची भिंत,
आणि दोन्हींच्या मधे हा इवला दोरा,
एक टोक चरबीत रुतलेलं,
दुसऱ्याची भिंतीला गाठ.
लायपोप्रोटीन. एका पेशीत लाखांनी.
"म्हणजे अस्तराचा टाका," बाबा म्हणाले.
"तो दिसत नाही. त्याचे पैसेबी कोण देत नाही."

नमुना निपाणीच्या तायव्वाचा. विड्या वळणारी,
बोटं पिवळी, लघवीला आग,
तीन औषधं झाली, चौथंही नुसतंच पोटात गेलं.
फॉर्मवर तिचं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं.
"बरं व्हईल न्हवं?" तिने विचारलं,
आणि मी डॉक्टर नाही हे सांगायचं राहून गेलं.

फोटो धारवाडहून आले, करडे.
टाका असलेले जिवाणू: नव्या खोक्यातले खडू.
टाका नसलेले: भोपळ्याच्या बिया, पोट सुटलेल्या.
एकाचे दोन होताना बाहेरचं कापड मागे रेंगाळलेलं,
दोघा भावांनी एकच वाकळ ओढावी तसं.
आणि कडेकडेने फुगे.
फुग्यांना आणखी फुगे.

त्या रात्री थाळीत ते औषध ठेवलं
जे एरवी या घराच्या उंबऱ्याबाहेरच उभं असतं.
सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ.
महांतेश ओरडला, "नोड, नोड!"
मी पट्टीने वर्तुळ मोजलं, परत मोजलं,
मग बाबांना फोन केला. ते काजं करत होते.
म्हणाले, "बरं झालं," आणि मशीन चालूच ठेवलं.

पण फुगे.
महांतेशने ते गाळून घेतले
आणि दुसऱ्या, साध्या जिवाणूंच्या नळीत सोडले,
पेनिसिलिनच्या वासानेही मरणारे, गरीब.
वर पेनिसिलिन घातलं.
मेले नाहीत.
तायव्वाच्या जिवाणूचं औषध तोडणारं विकर
फुग्याफुग्यांत भरून शेजारी पोचलं होतं.

कोगनोळी नाक्यावर गाड्या अडतात त्या दिवशीही
आमचा कुंद्याचा डबा कोल्हापूरला मावशीकडे जातो:
इकडचा ड्रायव्हर, मधे थोडी पायपीट कुणाची तरी,
मग तिकडचा ड्रायव्हर.
डब्यावर पत्ता नाही, लाल दोरी तेवढी.
हद्दीला बस दिसते, डबा दिसत नाही.
हे प्रबंधात लिहिता येणार नाही.
तिथे लिहिलं: "पुटिकांच्या संख्येत लक्षणीय वाढ."

तेव्हा आता सांगा, टाका काढू की ठेवू?
ठेवला तर औषध दाराशी ताटकळतं.
काढला तर तो एक ढिला होऊन मरतो,
पण मरता मरता गल्लीभर पुड्या वाटून जातो.
सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पुन्हा करून बघा."

तायव्वा तोवर सही करून निघून गेली,
वॉर्डातली बाई म्हणाली, कारखान्यात खाडे पडायलेत म्हणून.
तिचे जिवाणू उणे ऐंशी अंशांत आहेत,
नळीवर तिचं नाव माझ्या अक्षरात,
चौथ्या तऱ्हेने.

रविवारी दुकानात बसले होते.
बाबांनी कुणाचा तरी लग्नाचा कोट उलटा केला
आणि हात आत घालून अस्तर चाचपत राहिले,
डॉक्टर पोट चाचपतात तसे.
विचारलं, हा टाका घातलाच नाही तर?
बाबांनी टाचणी तोंडातून काढली.
"कोट फुगतो. आणि गिऱ्हाईक दुसरा शिंपी बघतंय."
मग दिव्याकडे सरकून म्हणाले,
"ती निपाणीची बाई, तिचं काय झालं गं?"