ओळ चारशे सतरा

गंगापूर रोडला चष्म्याच्या दुकानावरची खोली.
संगणकाला दोन पंखे, मला एकच,
तोही कुरकुरणारा.
इथून मी सहा हजार चारशे घरांचं सरकार चालवते.
कर टक्काभर खाली. बटण.
अनुदान पाचशेनं वर. बटण.
खालच्या टपरीवरून चहा येईतो
सगळं नाशिक नव्या कायद्यात
एक वर्ष जगून मोकळं होतं.
कुणी मरत नाही त्यात.
मरणाचा रकाना आम्ही घेतला नव्हता, निधी कमी पडला.

ओळ चारशे सतरा : स्त्री, वय अडतीस,
कामटवाडे, घरात पाच माणसं,
अंबडला स्विचच्या खोक्यांचं पॅकिंग,
आठवड्याला चोपन्न तास, तासाला पंचावन्न.
नाव पुसलेलं. नियमच आहे तसा.
पण तो फॉर्म भरायला मीच गेले होते,
उंबऱ्यापाशी बसून, गुडघ्यावर पॅड धरून,
त्यामुळे मला ओळ दिसत नाही,
पुष्पलता पगारे दिसते.
'आडनाव पगारे, बाकी पगाराचं काय सांगू,'
असं म्हणून हसली होती,
आणि मी ते 'इतर माहिती'त लिहिलं होतं.
संगणकाने ती चौकट उघडलीसुद्धा नाही.

प्रस्ताव असा :
बारा हजारांच्या आत कमाई, तर पंधराशे रुपये घरपोच.
बारा हजार एक, तर काही नाही.
गायधनी सर म्हणाले, चालवून बघ.
चालवला.
आलेखावर बारा हजारांच्या अलीकडे
माणसं साचली,
द्वारका चौकात लाल दिव्याला साचतात तशी,
आणि पुढचा रस्ता ओसाड.
सर खूश. 'बघ, मॉडेल कसं शहाण्यासारखं वागतंय.'

शहाणी तर तीही निघाली :
ओळ चारशे सतराने सहा तास सोडले,
कमाई बाराच्या खाली आणली,
अनुदान धरून सत्तर रुपये वर मिळवले,
आणि त्या सहा तासांपुढे छापून आलं :
विश्रांती.

म्हणजे सासूला कुशीवर वळवणं.
पाठीच्या जखमेला पावडर.
नळाची वेळ पाळणं, नळ न पाळला तरी.
रेशनच्या मशीनवर अंगठा,
अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा अंगठा,
खोकी दुमडून दुमडून रेषाच झिजल्या त्याच्या.
समीकरणात जे विकलं नाही ते सगळं विश्रांती.

एका संध्याकाळी सर गेल्यावर
मी त्या शब्दाजागी 'काम' भरून पाहिलं.
पंखे जोरात फिरले.
सहा हजार चारशे घरं हलली, डगमगली,
पडद्यावर आलं : उत्तर जुळत नाही.
सर सकाळी म्हणाले, राहू दे गं,
सगळ्या जगात विश्रांतीच लिहितात.

शनिवारी त्रिमूर्ती चौकात भेटली,
हातात मेथीच्या दोन जुड्या.
विचारू नये ते विचारलं :
सहा तास मोकळे मिळाले तर काय कराल?
'कोण देतंय?' म्हणाली.
'मुकादम म्हणतो, पूर्ण ये, नाहीतर येऊ नको,
गेटवर चाळीस जणी उभ्या आहेत.'
तरी पण, समजा.
समजा, हा माझा धंद्याचा शब्द.
तिने तो मेथीसारखा उलटून पाहिला,
मूळ, माती, पिवळं पान.
मग विचारलं,
'एकदम, की सुटे?'

मला कळेना.
'एकदम असतील तर झोपेन, बाई.
सुटे असतील तर काय, सुट्या पैशासारखे जातील.'

सोमवारी अहवाल गेला, तक्ता सात :
विश्रांतीत वाढ, सरासरी सहा तास.
एकदम की सुटे, ते
कुठल्या रकान्यात घालायचं
मी अजून सरांना विचारलेलं नाही.