नमुना अपुरा

मानखुर्दच्या पंपावर, हवा भरायच्या मशीनच्या अलीकडे
माझी जुनी ओम्नी उभी असते.
टपावर पिवळी पाटी, 'पीयूसी करून मिळेल'.
त्यातला 'यू' उडालाय, तरी लोक बरोबर वाचतात.

सकाळी आठला नळी काढते, फडक्याने पुसते.
फडकं कालपर्यंत पांढरं होतं,
हे मी रोज म्हणते.

गाडी आली की शेपटीत नळी घालायची.
दाबा. आणखी. सोडा.
पडद्यावर आकडा चढतो तापासारखा,
नंबरप्लेटचा फोटो, कागद, शिक्का,
सहा महिने काळजी नाही.
कुणाला, ते कागदावर छापलेलं नसतं.

"बाई, जरा बघून घ्या ना," म्हणतात.
बघून घ्या म्हणजे बघू नका.
मग मी नळी चार बोटं बाहेर ओढते,
बाजूची हवा आत शिरते, आकडा उतरतो.
धूर तेवढाच असतो,
फक्त त्यात तुमच्या माझ्या वाटणीची हवा मिसळलेली.
अकरा वर्षं हेच.
वरती आभाळाशीही आपण असंच वागलो असणार,
एवढं मोठं आहे, जाईल मिसळून.

परवा एक बिनआवाजाची गाडी आली,
तिला शेपटीच नव्हती.
मालक हसला, "तुमचं दुकान बंद होणार, बाई."
होऊ दे की.
पण माहुलच्या अंगाला चिमणी दिसते इथून,
वाटलं विचारावं, साहेब, तुमची शेपटी
तिथवर तर नाही ना लांबली?
विचारलं नाही.
त्यांनी चार टायरांत हवा भरली, फुकटची, आणि गेले.

सुट्टीत निहाल माझ्यासोबत असतो.
चाव्यांच्या कप्प्यात त्याचा पंप, निळा, तोंडाने ओढायचा.
दुपारी रस्ता पातळ होऊन हलत होता,
मी सुट्टे आणायला गेले,
आणि त्याने नळी तोंडाशी धरून फुंकर मारली.
यंत्राने त्याला इंजिनच समजलं.
'वाहन क्रमांक टाका' म्हणालं.
"टाक ना आई," तो खिदळत होता.
यंत्राला सलग दहा सेकंद लागतात.
त्याचा श्वास सहाव्याला संपला.
पडद्यावर आलं, नमुना अपुरा.
नळी हिसकावली, एक धपाटा घातला,
मग बराच वेळ त्याच्या पाठीवरचा हात
काढावासा वाटेना.

त्याच संध्याकाळी मुनाफ आला, बर्फाचा टेम्पो घेऊन.
"चौथी फेरी, ताई. उकाडा असा की बर्फ पुरत नाही,
बघून घ्या."
टेम्पोखाली पाणी ठिबकत होतं,
मागे काळा लोट सुटला होता,
एकाच गाडीतून दोन्ही.
मी नळी आतपर्यंत सारली.
नापास.
त्याला वाटलं मशीन बिघडलं.
मग हप्ते सांगितले, बर्फ वितळतोय म्हणून सांगितलं.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहत राहिले.
गेला. पुढच्या पंपावर पन्नास जास्त दिले की होतं,
मला ठाऊक आहे, तिथला जाधव मीच शिकवलाय.

मंगळवारी परत आला.
वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं, माझ्यापुढे ठेवलं.
जुना एअर फिल्टर, करपलेल्या भाकरीसारखा.
"नोझल पण साफ केलेत. कागद आहे माझ्याकडे, तिकडचा.
नुसतं मोजा."
मोजलं. आकडा उतरला होता.
शून्य नव्हता.
शून्य मी या धंद्यात पाहिलेलाच नाही.
पैसे घेतले नाहीत. त्याने बर्फाचा तुकडा दिला,
निहालने तो कपाळावर धरला, संपेपर्यंत.

दिवे लागले तेव्हा माझ्याच ओम्नीचे कागद काढले.
मुदत मार्चमध्ये संपलेली.
नळी लांब आहे, वळवली की मागे पोचते.
निहालला पुढच्या सीटवर बसवलं,
म्हटलं, दाब. आणखी.
हळू.